फळं-चीजचं ताट, गोव्याच्या हवेत टिकणारं

चीजच्या ताटांचे जे सुंदर फोटो आपण बघतो ते बहुतेक थंड, कोरड्या हवेतल्या स्वयंपाकघरात काढलेले असतात. तेच ताट पणजीत किंवा मडगावात संध्याकाळी सात वाजता पंख्याखाली मांडा. हवा 29-30 अंश, दमटपणा सत्तरऐंशी टक्के. अर्ध्या तासात बिस्किटं वातड, सफरचंद तपकिरी, चीज ओलं, आणि कलिंगड घातलं असेल तर त्याचं पाणी सगळ्यांच्या पायाखाली.

म्हणजे ताट सुंदर मांडणं हा फारसा अवघड भाग नाही. पाहुणे येऊन, बसून, पहिला ग्लास संपेपर्यंत ते तसंच राहणं अवघड. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक बिघाडाचं मूळ पाण्यात आहे: कोण पाणी सोडतं, कोण ओढून घेतं, आणि हवेतलं पाणी कशावर येऊन बसतं. एवढं धरून चाललं की काय घ्यायचं, कसं कापायचं आणि कोणाशेजारी काय ठेवायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

चीजला घाम का फुटतो

मे-जूनमध्ये गोव्यात दवबिंदू साधारण 25 अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं पाणी जमतं. फ्रीजमधून काढलेली चीज 5-6 अंशांवर असते, त्यामुळे वेष्टन काढून ताटात ठेवली की पाच मिनिटांत तिच्यावर दहिवर येतं. कापलेली बाजू बुळबुळीत होते, शेजारचं बिस्किट ते पाणी पितं.

उपाय साधा आहे. चीज गार असताना उघडायचीच नाही. फ्रीजमधून काढून वेष्टनासकट ओट्यावर ठेवायची. पाणी कागदावर जमेल, चीजवर नाही. 20-25 मिनिटांनी वेष्टन बाहेरून पुसायचं, मग उघडून कापायचं. युरोपातल्या पुस्तकांत चीज तासभर आधी बाहेर काढा असं लिहिलेलं असतं. ते त्यांच्या हवेसाठी ठीक. आपल्याकडे मऊ चीजला 20 मिनिटं, कडक चीजला 30 पुरेत.

दुसऱ्या प्रकारचा ओलेपणा तुपकट असतो. दुधातली स्निग्धता 28-30 अंशांना बरीचशी वितळलेली असते, म्हणून चेडर किंवा गौडावर पिवळसर थेंब दिसू लागतात. बोट लावून बघा: निसटून गेलं तर पाणी, बोटाला चिकटून राहिलं तर स्निग्धांश. चीज खराब झालेली नसते, पण दिसायला वाईट दिसते आणि चव सपाट होते. पुसत बसू नका. ते ताट आत न्या आणि दुसरं बाहेर आणा.

हो, दुसरं. आठ माणसांसाठी एक मोठं ताट मांडण्याऐवजी दोन मध्यम ताटं करावीत, एक बाहेर, एक फ्रीजमध्ये झाकून. साधारण 40-45 मिनिटांनी बदलायचं. भलंमोठं, काठोकाठ भरलेलं ताट फोटोत छान दिसतं. आपल्या हवेत ते दुसऱ्या तासाला केविलवाणं होतं.

थंडगार संगमरवरी फळी वापरण्याचा सल्लाही आपल्याकडे उलटतो. फ्रीजमध्ये ठेवलेला दगड बाहेर काढला की त्याच्यावरच दव जमतं आणि सगळं ताट खालून ओलं होतं. बर्फाच्या परातीत ताट ठेवण्याचंही तेच. दगड वापरायचा तर खोलीच्या तापमानाचाच. खोलीत एसी असेल तर तो पाहुणे यायच्या अर्धा तास आधी 25 वर लावून दारं बंद ठेवा. एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे ताटाला बराच जास्त वेळ मिळतो. फक्त झोत थेट ताटावर येऊ देऊ नका. कापलेल्या चीजला कडेने सुकून भेगा पडतात.

किती आणि कोणतं

पुढे जेवण असेल तर माणशी 50-60 ग्रॅम चीज. ताट हेच जेवण असेल तर 100 ग्रॅम. फळ साफ केल्यावर माणशी 100 ग्रॅम. पावाचे किंवा बिस्किटांचे 5-6 तुकडे. आठ जणांसाठी 450 ग्रॅम चीज म्हणजे तीन प्रकार, प्रत्येकी 150 ग्रॅमच्या आसपास. पाच-सहा प्रकार आणून प्रत्येकाचे चार तुकडे मांडण्यात अर्थ नाही. कोणाला कशाचीच चव नीट लागत नाही आणि उरलेले चिंधी तुकडे कशातच वापरता येत नाहीत.

तीन निवडायचे ते पोत बघून. एक मऊ, पांढऱ्या बुरशीच्या सालीचं: ब्री किंवा कॅमेंबेर. एक मधलं: गौडा किंवा एमेंटाल. एक कडक आणि खारट: मुरलेलं चेडर किंवा पार्मेसान जातीचं. निळं चीज चौथं, तेही पाहुण्यांपैकी निदान दोघे खातात हे माहीत असेल तरच, आणि 80 ग्रॅमच्या वर नको. त्याचा वास ब्रीला लगेच लागतो, म्हणून त्याला वेगळी बशी.

आता यासाठी परदेशी मालच हवा असं राहिलेलं नाही. अमूलचं गौडा आणि एमेंटाल आहे, कोडाईकनाल आणि ऑरोविलकडे बऱ्याच वर्षांपासून चांगलं चीज बनतं, मुंबई-बंगळुरूचे छोटे उत्पादक ब्री, कॅमेंबेर करतात. ताजं ब्री घेताना मधोमध अंगठ्याने हलकं दाबून बघा. कडेला आणि मध्ये सारखंच दबलं तर ते तयार आहे. मध्ये घट्ट लागलं तर आत खडूसारखा पांढरा गाभा असणार. उघडल्यावर नाकात झिणझिण्या आणणारा अमोनियाचा वास आला तर ते उतरलेलं आहे. डबाबंद कॅमेंबेरला ही परीक्षा लागू नाही. ते डब्यात गरम प्रक्रिया केलेलं असतं, पुढे पिकत नाही, आणि आहे तसंच राहतं. चव बेताची, पण भरवशाचं.

चौकोनी प्रोसेस्ड चीजला नाक मुरडू नये. मुलं तेच खातात. त्याचे लहान ठोकळे करून द्राक्षाबरोबर काडीला टोचून वेगळ्या बशीत द्या, म्हणजे मुलांचे हात महागड्या ब्रीकडे वळणार नाहीत.

बकरीच्या दुधाचं मऊ चीज मिळालं नाही तर चक्का. अर्धा किलो घट्ट दह्यात अर्धा चमचा मीठ घालून मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगायचं, पण फ्रीजमध्ये. ओट्यावरच्या नळाला टांगलं तर आपल्या उष्म्यात सकाळपर्यंत ते झणझणीत आंबट होतं. साधारण 200 ग्रॅम चक्का मिळतो. हाताला तेल लावून सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या आणि भरड मिरपुडीत किंवा अगदी बारीक चिरलेल्या पुदिन्यात घोळवायच्या. पुदिना आधी फडक्यावर पूर्ण सुकवलेला हवा, नाहीतर गोळीवर हिरवा चिखल होतो.

फळं: काय घ्यायचं, काय टाळायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी हा या ताटाचा खरा हंगाम. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पुरंदरचे अंजीर, नाशिकची द्राक्षं, सगळं घाटावरून येतं आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी चिकू, पेरूही असतात. या दिवसांत हवाही त्यातल्या त्यात कोरडी. नाताळाच्या आठवड्यात पाहुणे असतील तर अर्धी लढाई जिंकलेलीच असते.

द्राक्षं म्हणजे ताटाचा कणा. पाणी सोडत नाहीत, काळी पडत नाहीत, कशाशीही जातात. पण सुटी केलेली नकोत. कात्रीने 5-7 मण्यांचे घोस करून देठासकट ठेवा. पाहुण्याला अख्खा घोस उचलता येतो आणि ताटभर गोट्या घरंगळत नाहीत. धुताना लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून 10-15 मिनिटं बुडवायची, मग साध्या पाण्यातून काढायची आणि जाड फडक्यावर पंख्याखाली निदान तासभर पसरायची. देठाच्या खोबणीत पाणी राहतं, ते ताटात उतरतं. बहुतेक लोक इथेच घाई करतात.

सफरचंद आणि नाशपाती कापल्यावर तपकिरी पडतात कारण गरातलं एन्झाइम हवेशी लागतं. दोन कप पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात फोडी पाच मिनिटं बुडवा, निथळा, पुसा. तासभर तरी रंग टिकतो. लिंबूपाणीही चालतं, पण आंबट चव मागे राहते आणि ब्रीबरोबर ती खुपते. फोड चार-पाच मिलिमीटर जाड हवी. पातळ चकती चीज उचलताना मोडते.

एप्रिल-मेमध्ये आंब्याशिवाय ताट मांडणं गोव्यात कोणी माफ करणार नाही. मानकुराद घ्यायचा तर किंचित करकरीत, पूर्ण पिकायच्या एक दिवस आधीचा. पूर्ण पिकलेला मानकुराद ताटात घालायचा नसतो, तो मोरीजवळ उभं राहून खायचा असतो. गालाच्या लांब जाड फाका करा, चौकोनी तुकडे नकोत: तुकड्यांना कापलेल्या बाजू जास्त, म्हणून रस जास्त गळतो. फाका फडक्यावर दहा मिनिटं ठेवून मगच मांडा. आंब्याला मुरलेलं खारट चेडर किंवा पार्मेसान जातं. ब्रीबरोबर दोन्ही मऊ, दोन्ही गोड, खाताना काही कळत नाही.

त्याच दिवसांत बोंडू मिळतात. काजूचा बोंडू या ताटात फारसा कोणी ठेवत नाही, आणि ठेवायला हवा. त्यातला तुरटपणा टॅनिनचा असतो, आणि टॅनिन जिभेऐवजी चीजमधल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. त्यामुळे चेडरबरोबर तुरटपणा एकदम खाली बसतो आणि बोंडूचा सुगंध तेवढा उरतो. झाडावरून हाताने काढलेले घट्ट बोंडू हवेत, फेणीच्या भट्टीसाठी खाली पडलेले वेचतात ते नव्हेत. सकाळचे बोंडू संध्याकाळी वापरायचे, दुसऱ्या दिवशी ते आंबूस होतात. अर्धा सेंटिमीटरच्या चकत्या करा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं जाळीवर ठेवा, सुटलेलं पाणी टिपा, आणि वेगळ्या वाटीत द्या. सोबत कागदी रुमाल ठेवाच, रसाचा डाग कपड्यावरून निघत नाही.

पावसाळ्यात अननस. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं, कच्च्या पपईत पपेन, किवीतही तसंच एक एन्झाइम. ही तिन्ही दुधाचं प्रथिन फोडतात. कापलेला अननस ब्रीला किंवा चक्क्याच्या गोळीला टेकून ठेवला की अर्ध्या तासात तिथली बाजू पाघळते आणि कडू लागते. चीज खराब निघालं असं वाटतं, पण दोष शेजाऱ्याचा असतो. अननस हवाच असेल तर चकत्या तव्यावर दोन्ही बाजूंनी चटका देऊन घ्या, प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटं, चांगल्या गरम होऊन तपकिरी रेघ उमटेपर्यंत. उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं, पाणी आटतं, आणि वरून मिरपूड टाकली की धुरी दिलेल्या गौडाबरोबर झकास लागतो.

चतुर्थीच्या सुमाराला माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळांच्या मांडवाला, बांधलेली पपनसं नंतर घरोघरी उरतात. पपनसाच्या पाकळ्या सोलून, पांढरी साल पूर्ण काढून ताटात घाला. एकेक कण पिशवीत बंद असल्याने पाणी सुटत नाही, कडवट-आंबट चव स्निग्ध चीजला छान कापते, आणि फुकटचं फळ कामी येतं.

थोडक्यात टाळायचे: कलिंगड (पाणी, हवंच तर फेटा चीजबरोबर वेगळ्या बोलमध्ये), केळं (काळं पडतं, चीजबरोबर चिकट लागतं), फणस (वासापुढे बाकी कोणाचं काही चालत नाही), जांभूळ (सगळ्या ताटाला रंग). डाळिंबाचे दाणे वाटीत. स्ट्रॉबेरी देठासकट अख्खी. कापली की संपली.

कमरख कापलं की चांदण्या पडतात, म्हणून ते मांडायचा मोह होतो. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला कमरख खरोखर घातक ठरू शकतं. पाहुण्यांत वयस्कर मंडळी असतील आणि त्यांच्या तब्येतीची पुरती माहिती नसेल तर घेऊच नका.

पेराद, काजू आणि पदेराची पोई

पोर्तुगालमध्ये चीजबरोबर मार्मेलाडा, म्हणजे क्विन्स फळाची घट्ट वडी खातात. ब्राझीलमध्ये त्या जागी पेरूची वडी. आपल्याकडे तीच वडी म्हणजे पेराद. ते नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळात, मिरवतं आणि चीजशेजारी मात्र ठेवलं जात नाही. वास्तविक ब्रीसाठी याच्याइतका चांगला जोडीदार दुसरा नाही. बेकरीतलं घ्या, 3-4 मिलिमीटरच्या पातळ चकत्या करा. जाड तुकड्यात नुसती साखर लागते. सुरी प्रत्येक कापाला गरम पाण्यात बुडवून पुसायची, नाहीतर चकती सुरीबरोबर उठते. आठ जणांना 150 ग्रॅम पुष्कळ.

घरी करायचं तर पिकलेल्या पेरूंचा बिया गाळलेला गर मोजून घ्या, एक किलो गराला 750 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. जाड बुडाच्या भांड्यात सतत ढवळत आटवायचं. अर्ध्या तासानंतर गर फटफट उडू लागतो आणि हात भाजतो, म्हणून लांब दांड्याचा डाव आणि मंद आच. गोळा कडा सोडून डावाभोवती एकत्र फिरायला लागला की लोणी लावलेल्या ताटात ओतून थापायचं. आधी उतरवलं तर वडी पडत नाही आणि दमट हवेत दोन दिवसांत तिला पाणी सुटतं. जास्त आटवलं तर गार झाल्यावर दात लागत नाही.

काजू गोव्याचेच, 100 ग्रॅम, ओव्हनमध्ये 150 अंशांवर 10-12 मिनिटं भाजून पूर्ण गार करून डब्यात. गरम असताना डबा बंद केला की आतल्या वाफेने मऊ पडतात. मांडणीच्या अगदी शेवटी टाकायचे. मध हवा असेल तर वाटीत. ताटावर धार सोडली की तो वाहत जाऊन बिस्किटं भिजवतो, आणि मुंग्यांना आमंत्रण वेगळंच. मधाऐवजी अमृतकोकमही बरं: 100 मिलिलिटर सरबत मंद आचेवर निम्म्यावर आणलं की चक्क्याच्या गोळ्यांवर घालायला आंबटगोड दाट पाक तयार.

पावाच्या बाबतीत आयात बिस्किटांवर पैसे घालवू नका. सकाळी पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, दोन-तीन पोया (कोंड्याचे गोल पाव) जास्त घ्या. पोई आतून पोकळ असते, ती कडेने उघडून दोन पातळ पापुद्रे करा, प्रत्येकाचे आठ त्रिकोण कापा, आणि 150 अंशांवर 12-15 मिनिटं, मोडल्यावर कटकन आवाज येईल इतकं सुकवा. वरून तूप-तेल काही नको. तीन पोयांचे 48 तुकडे होतात, म्हणजे आठ जणांचा हिशेब बसला. कोंड्याची चव चेडरला शोभते. मऊ चीज लावायला काकणांचे, म्हणजे बांगडीच्या आकाराच्या कडक पावांचे, तुकडेही चांगले. ती मुळातच कडक असल्याने दमट हवेलाही फारशी दाद देत नाहीत.

पण काहीही असो, पाव ताटात ठेवू नका. वेगळ्या टोपलीत, एका वेळी 10-12 तुकडे, बाकी हवाबंद डब्यात. संपले की भरा. एवढी एक सवय लावली तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

चोरिस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) आवडत असेल तर तोही चालतो, मात्र तुकडे परतून, तेल कागदावर टिपून, आणि पूर्ण वेगळ्या बशीत वेगळ्या काट्यासह. शाकाहारी पाहुण्याला चोरिसचं लाल तेल लागलेलं चीज खायला लावणं बरं दिसत नाही.

शाकाहाराचा खरा मुद्दा

चीज गोठवायला रेनेट लागतं, आणि पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढलेलं असतं. भारतात बनणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. अस्सल पार्मिजानो रेजानो आणि ग्राना पादानो यांत मात्र नियमानेच वासराचं रेनेट वापरतात. घरी व्रतवैकल्य पाळणारे पाहुणे येणार असतील तर ठिपका बघून घ्या, आणि पाकिटाचा फोटो ठेवा. कोणी विचारलं तर दाखवता येतो. पोर्तुगालच्या सेरा दा एश्त्रेलासारख्या चीजमध्ये रेनेटऐवजी एका काटेरी वनस्पतीचं फूल वापरतात, म्हणजे ते त्या अर्थी शाकाहारी आहे, पण इथे मिळणं कठीण.

गरोदर पाहुणी असेल तर ब्री, कॅमेंबेर, निळं चीज तिच्यासाठी नाही. लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. चेडर, गौडा चालतं. तिला आधीच शांतपणे सांगा आणि तिच्या हाताशी ते दोन्ही ठेवा.

मांडायचं कसं

आठ जणांसाठी दोन ताटं, प्रत्येकी 10-11 इंच. लाकडी फळी चांगली, पण पावसाळाभर कपाटात पडलेल्या फळीला बुरशीचा वास येतो. आधी मीठ-लिंबू घासून, धुऊन, उन्हात किंवा ओव्हनच्या उबेत वाळवा. स्टीलचं सपाट ताट उत्तम. पितळी ताट दिसतं छान, पण कल्हई नसेल तर आंबट फळ त्यात कळकतं. मोह आवरत नसेल तर खाली केळीचं पान घाला: शेगडीवर झरझर फिरवून मऊ करायचं, पुसायचं, ताटाच्या आकाराचं कापायचं.

आधी वाट्या ठेवायच्या (मध, डाळिंब, कोकम), दोन पुरेत, एकमेकींपासून दूर. मग तीन चीज तीन टोकांना. ब्री अख्खं ठेवा, फक्त एक त्रिकोणी फोड कापून थोडी बाहेर ओढा. पाहुण्यांना कसं कापायचं ते कळतं आणि ताट बिघडवायचा संकोच वाटत नाही. फोड नेहमी मध्यापासून कडेपर्यंत, केकसारखी. टोक छाटून घेणारा पाहुणा प्रत्येक घरात एक असतो, मधलं सगळं मऊ तोच नेतो. गौडाचे त्रिकोण काप, सालीचं मेण काढून. चेडरच्या बोटभर कांड्या. पार्मेसान कापायचं नाही. बोथट सुरी खुपसून पिळलं की ओबडधोबड खडे पडतात, तेच हवेत. प्रत्येक चीजला स्वतंत्र सुरी. ब्रीची पांढरी साल खायची असते हे कोणालातरी सांगावं लागतंच.

नंतर मोठी फळं: घोस, आंब्याच्या फाका, सफरचंद पंख्यासारखं. ओलं फळ आणि चीज यांच्यामध्ये नेहमी काहीतरी कोरडं: काजू, खजूर, पेराद. हाच तो पाण्याचा बांध. शेवटी काजू फटींत. काठाला दोन बोटं जागा रिकामी ठेवा, नाहीतर पहिल्याच सुरीला द्राक्षं टेबलाखाली.

सजावटीला पुदिना किंवा लिंबाची कोवळी पानं. फुलं मांडायची तर घरच्या झाडाची जास्वंद. बाजारच्या गुलाबावर काय फवारलंय याचा नेम नाही, चाफ्याला चीक असतो, आणि कण्हेर तर विषारीच, ती ताटाच्या जवळपासही नको.

बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसायचं ठरलं तर दोन गोष्टी. मच्छरांची कॉइल ताटापासून लांब, चीज धुराचा वास ओढून घेतं. आणि पावसाळ्यात दिव्यावर पाखरं येतात, म्हणून दिवा ताटाच्या थेट वर नको, जाळीचं झाकण हाताशी हवं. मुंग्यांसाठी जुनाच उपाय: पसरट थाळीत पाणी, त्यात पालथी वाटी, तिच्यावर ताट.

सातला पाहुणे असतील तर

सकाळी पोई सुकवा, काजू भाजा, फळं धुऊन पसरा. चक्का आदल्या रात्रीच टांगलेला. पाच वाजता पेराद कापा, घोस करा, वाट्या भरा. सव्वासहाला कडक आणि मधलं चीज वेष्टनासकट बाहेर, सहा पंचवीसला मऊ. पावणेसातला चीज उघडून कापा, पहिलं ताट मांडा. दुसऱ्या ताटाचं चीज फ्रीजमध्येच, गुंडाळलेलं. त्याचं वेष्टनासकट बाहेर यायचं पाहुणे आल्यावर वीस मिनिटांनी. त्याची फळं आणि वाट्या मात्र आत्ताच मांडून झाकून ठेवता येतात. सफरचंद आणि आंबा सगळ्यात शेवटी, बेल वाजायच्या दहा मिनिटं आधी.

बाहेर 32 अंशांच्या वर गरमी असेल तर मऊ चीज आणि कापलेलं फळ एका तासाच्या वर बाहेर ठेवू नये, एरवी दोन तास. त्यापुढे राहिलेलं ब्री आणि चक्का टाकून द्यायचा, मन घट्ट करून. चेडर, गौडा, पार्मेसान वाचतात: बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात घाला, प्लास्टिकच्या फिल्ममध्ये आवळून ठेवलं तर आत ओल धरून बुरशी येते. चार दिवसांत संपवा. चेडरचे तुकडे किसून पोईच्या पोटात हिरव्या मिरचीबरोबर भरायचे आणि तव्यावर दाबून भाजायचे. आणि पार्मेसानची वाळकी साल टाकू नका, टोमॅटोच्या सारात उकळताना टाका, वाढायच्या आधी काढा.